आडवेकाकांचे बांध

गावात त्यांना सगळे आडवेकाका म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सगळा गाव उतारावरून सरळ खाली नांगर घालत होता त्या काळात हा एकटा माणूस उताराला आडवा नांगर घालायचा, म्हणून आधी चेष्टेत नुसता आडवा, आणि केस पिकले तसा आडवेकाका. लग्नानंतर काही वर्षांनी विहिरीवर कोणीतरी काकूंना विचारलं होतं, "नवरा नांगरतो आडवा, चालतो तरी सरळ ना गं?" काकू म्हणाल्या, "चालत होते सरळच. मीच वाटेत आडवी आले." ते ऐकून विहिरीवरच्या बायका कितीतरी दिवस हसत होत्या.

शेत घरामागेच होतं, टेकडीच्या अंगावर. काकू त्या घरात आल्या तेव्हा सासरे, म्हणजे दादा, खणखणीत होते आणि शेत मात्र मरायला टेकलं होतं. वरच्या अंगाला माती अशी उरलीच नव्हती. टक्कल पडलेल्या डोक्यासारखा पांढरट मुरूम दिसायचा. दादांचा खाक्या एकच. नांगर सरळ खाली, म्हणजे बैल वळवत बसायला नको, आणि पाऊस आला की पाणी साचू द्यायचं नाही. मुलगा लहान असल्यापासून त्याच्या हातात फावडं देऊन ते त्याला पावसात पाठवायचे. "तुंबलं की फोड. वाट दे त्याला. पीक कुजलं तर तुझी पाठ सोलीन." पोर भिजत, कुडकुडत पाण्याला वाटा करून द्यायचं. त्या वाटांनी पाणी जायचं आणि पाण्याबरोबर शेतही जायचं. खालच्या ओढ्याला पावसाळाभर दुधाच्या चहाचा रंग असे.

एका वर्षी पेरणीनंतर असा पाऊस झाला, की बी आणि माती दोन्ही ओढ्यात गेली. पाऊस उघडल्यावर नवरा घमेलं घेऊन खाली गेला, ओढ्याकाठची माती भरली आणि डोक्यावरून वर आणून टाकू लागला. काकूही दुसरं घमेलं घेऊन मागे गेल्या. दादा दारात बसून बघत होते. "घमेलंभर वर आणाल, गाडाभर खाली जाईल," ते म्हणाले. मुलानं मान खाली घातली. वडिलांसमोर त्याचा शब्द कधी फुटलाच नाही. पण रात्रीच्या जेवणाला त्यानं हात लावला नाही. काकूंना तेवढंच म्हणाला, "दादा म्हणतात ते खरंय. आणून उपयोग नाही. जाऊच द्यायला नको."

पुढं शेतीखात्यातल्या एक बाई गावात आल्या. तीन काठ्यांची एक चौकट त्यांनी सगळ्यांना दाखवली. वरच्या टोकाशी एकत्र बांधलेले दोन पाय, मधे एक आडवी काठी, वरून सोडलेला दोरा आणि दोऱ्याला बांधलेला दगड. दोरा आडव्या काठीच्या बरोब्बर मध्यावर आला की दोन्ही पाय एका पातळीवर. तिथं खुंटी ठोकायची आणि पुढं सरकायचं. त्या खुंट्यांच्या रेषेत बांध घातला की पाणी धावत नाही, थबकतं, जमिनीत मुरतं, आणि माती जागेवर राहते. बाकीच्यांनी ऐकून घेतलं आणि घरी गेले. हा मात्र बाईंच्या मागे लागून ती चौकट बांधायला शिकला.

एक पाय त्यानं धरायचा, दुसरा काकूंनी. "आला मध्यावर?" "आला." घरात सासऱ्यांसमोर नवराबायकोनं मोकळेपणी बोलायची सोय नव्हती. त्यांचं जे काही बोलणं, हसणं, रुसणं झालं ते या चौकटीच्या दोन टोकांना झालं. दादांनी कोपऱ्यातला एक पट्टा तेवढा त्याला दिला होता, तोही कुरकुरत. त्या पट्ट्यातली माती टिकलेली दादांना दिसत होती. पण ते कधी 'बरं केलंस' म्हणाले नाहीत. "बांधात जमीन फुकट घालवतोस" हेच ते शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि एके दिवशी गेले.

त्यानंतरची सगळी वर्षं आडवेकाकांनी त्या उतारासाठी जिवाचं रान केलं. वरपासून खालपर्यंत बांध घातले, बांधांवर गवत लावलं, जास्तीचं पाणी सावकाश उतरावं म्हणून दगडी सांडवे रचले. कापणीनंतर धाटं रानातच ठेवायची, जमीन कधी उघडी टाकायची नाही, असा त्यांनी नियम केला. माती एका वर्षात परत येत नाही. पण हळूहळू मुरूम झाकला गेला, फावडं आत शिरायला लागलं, ओढ्याचं पाणी निवळलं. उन्हाळ्यात विहीर तग धरू लागली.

त्यांच्या खालच्या अंगाला ज्यांचं शेत होतं त्यांना गाव 'खालचे' म्हणे, जरी गावात सगळ्यांत उंच तेच होते. पहिल्यांदा त्यांनी कडाक्याचं भांडण काढलं, "तुझे बांध फुटले तर माझ्या बोकांडी येतील." मग दोन पावसाळे बघून स्वतःच खुंट्या घेऊन आले. त्यांचं बघून शेजारच्यांनी केलं. म्हातारपणी आडवेकाका दारात बसले, की समोरचा अख्खा उतार आडव्या हिरव्या रेघांनी भरलेला दिसे. त्यांची एकुलती लेक शहरात नोकरीला होती. ती आली की म्हणायची, "बाबा, तुम्ही सगळी टेकडी वहीसारखी आखून टाकलीत." काका लाजून पायाकडे बघत बसायचे.

आजार आला तो हसत हसत. चष्मा धान्याच्या डब्यात सापडला. सकाळी जेवून झाल्यावर काका पुन्हा पाटावर येऊन बसले. काकू म्हणाल्या, "एकदा जेवण झालंय. का दुसरी बायको केलीत वाढायला?" काकाही हसले. मग एकदा ते फावडं हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "याला काय म्हणतात गं?" त्या दिवशी काकूंना हसू आलं नाही. लेकीनं शहरात नेऊन डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, जुनं सगळं राहील, नवं पुसत जाईल. काकूंना वाटलं, चला, जुनं तर राहील.

त्या पावसाळ्यात एका सकाळी त्या रानात गेल्या तर मधला एक बांध कापलेला. पाण्यानं खचलेला नाही, फावड्यानं कापलेला. शेजारून ओघळ पडून माती खाली गेलेली. काकूंच्या डोक्यात सणक गेली. त्या तशाच तरातरा खालच्यांच्या दारात गेल्या. "भावजी, जुनं भांडण उकरायचं होतं तर तोंडावर यायचं होतंत. आजारी माणसाचं रान फोडता?" खालचे शेण काढत होते. त्यांनी हात धुतले, एवढंच म्हणाले, "मी नाही वहिनी. चला, बुजवू." आणि मुकाट्यानं येऊन बांध बुजवून गेले.

दुसऱ्या वेळी काकूंनी डोळ्यांनी पाहिलं. दुपारची वेळ, पाऊस नुकता वाढला होता. खाटेवर काका नव्हते. त्या धावत मागे गेल्या. काका बांधावर उभे राहून सपासप फावडं मारत होते, ज्या बांधावर त्यांनी कधी कोणाचं जनावर चढू दिलं नव्हतं त्याच बांधावर.

"अहो, काय करताय हे?"

त्यांनी वळून पाहिलं. तो चेहरा काकूंनी कधी पाहिला नव्हता. पोरवयातला, घाबरलेला. "पाणी तुंबलंय. दादा येतील आता. दादा मारतील."

"दादा नाहीत हो. दादांना जाऊन किती वर्षं झाली."

"कोण गं तू? दादांना सांगू नकोस." काकूंनी हातातलं फावडं काढून घेतलं तसे ते खाली बसून हातांनीच माती उकरू लागले.

त्या संध्याकाळी काकू पुन्हा खालच्यांच्या दारात गेल्या. "भावजी, मी तुम्हाला नको ते बोलले." खालच्यांनी त्यांना बसायला दिलं. काय झालं ते ऐकून म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच संशय आला होता. एवढा नेमका, पाण्याच्या तोंडाशी बांध दुसऱ्या कोणाला कापता येणार?"

काकूंनी फावडी, कुदळी सगळी खालच्यांकडे नेऊन ठेवली. काका हातांनी उकरायचे, नखं फुटायची. कडी लावली की आतून दारावर धडका मारत रडायचे, "दादा, सोडा, पीक कुजेल." काकूंनी किती सांगावं, की हे बांध तुमचे आहेत, तुम्ही घातलेत. ते म्हणायचे, "माझे कसे? दादा बांध घालू देत नाहीत."

मग खालच्यांनी एक गोष्ट केली. दादांचा आवाज त्यांनी लहानपणी पुष्कळ ऐकला होता, थोडा मारही खाल्ला होता. एका पावसाच्या दुपारी काका बांधावर बसून उकरत असताना खालचे मागून गेले, दादा खाकरत तसे खाकरले आणि दादांच्या खर्जात म्हणाले, "राहू दे रे. पाणी राहू दे."

काकांचे हात थांबले. मागे न बघताच त्यांनी विचारलं, "राहू देऊ?"

"हो."

"बांध पण राहू देऊ?"

खालच्यांचा आवाज चिरकला, पण त्यांनी निभावलं. "राहू दे. चांगला घातलायस."

काका तिथंच चिखलात बसले आणि हुंदके देऊन रडले. काकू त्यांना घरी घेऊन आल्या, हातपाय धुतले, अंग पुसलं. कितीतरी दिवसांनी ते शांत झोपले. खालचे मात्र दारातून आत आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि तसेच निघून गेले.

ती मात्रा थोडे दिवस चालली. मग काका आवाजही ओळखेनासे झाले.

पावसाळ्याच्या अखेरीस एक दुपार अशी आली, की पावसात समोरचं झाड दिसेना. काकूंना ताप होता. त्यांचा डोळा लागला असेल नसेल. जाग आली तेव्हा मागचं दार उघडं होतं आणि पावसाच्या आवाजात दुसराच एक आवाज मिसळलेला होता, घरघर केल्यासारखा. काकांना कुठूनतरी एक जुनी लोखंडी पहार सापडली होती. ते थेट माथ्यावर गेले होते आणि सगळ्यांत वरचा बांध त्यांनी फोडला होता.

वरचा बांध म्हणजे सगळ्यांचा आधार. त्याच्यामागे तुंबलेलं पाणी एकदम सुटलं, ते दुसऱ्यावर आदळलं, दुसरा गेला, मग तिसरा. काकू तापातच बाहेर आल्या तेव्हा शेताच्या मधोमध घळ पडत होती. काठ ढासळत होते. वर्षानुवर्षं चिमटीचिमटीनं साठलेली काळी माती गठ्ठ्यागठ्ठ्यानं पाण्यात पडत होती, गवताच्या मुळांसकट. घळीच्या तळाशी मुरूम उघडा पडला होता.

खालच्यांनीच काकांना शोधलं. ते ओढ्याकाठी बसले होते, नखशिखांत चिखलात, थंडीनं काकडत आणि खुशीत. काकू पोचल्यावर ते लगबगीनं उठले. "काढलं पाणी. सगळं काढलं. दादा रागावणार नाहीत ना?"

उभ्या संसारात काकूंनी नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्यांनी त्यांच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "नाही रागावणार. बरं केलंस हो."

गावाला काकूंनी आणि खालच्यांनी सांगितलं, की पावसानं गेलं. दोघांनी ठरवून असं काही केलं नाही. कोणीतरी पहिल्यांदा विचारलं तेव्हा खालच्यांनी काकूंकडे पाहिलं, काकू म्हणाल्या, "पाऊसच तसा होता," आणि खालच्यांनी मान हलवली. गावानं हळहळ व्यक्त केली. पण ती हळहळ तेवढ्यावर थांबली नाही.

गावात एका तरुणाचा ट्रॅक्टर होता. सगळ्यांची नांगरणी तोच करायचा. बांधांमुळे त्याला सारखं वळावं लागे. वाईट पोरगा नव्हता, काकांना मान द्यायचा. पण आता तो म्हणू लागला, "काकांसारख्या माणसाचे बांध एका पावसात गेले. आपले काय टिकणार? उलट बांध होते म्हणून पाणी साचलं आणि एकदम फुटलं. त्यापेक्षा सरळ नांगरू." बोलणं लोकांना पटण्यासारखं होतं. दोघांनी बांध काढून सपाट केलेसुद्धा. काकू दारातून बघत होत्या. समोरच्या उतारावरची एक आडवी रेघ पुसली गेली. मग दुसरी.

त्या खालच्यांकडे गेल्या. "भावजी, आता काय करू?"

"मी सांगू का सगळ्यांना?"

"तुम्ही नको. लोक म्हणतील, खालच्यांनी जुनं उट्टं काढलं."

काकूच पुढं म्हणाल्या, "सांगितलं तर ते जातात लोकांच्या मनातून. नाही सांगितलं तर त्यांचं सगळं आयुष्यच जातं."

बैठक शाळेच्या वर्गात होती. बांध ठेवायचे की काढायचे यावरच बोलायचं होतं. काकू बायकांच्या बाजूला लहान मुलांच्या बाकावर बसल्या होत्या. ट्रॅक्टरवाला बोलून खाली बसला तशा त्या उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या.

"आमचे बांध पावसानं नाही गेले," त्या म्हणाल्या. "यांनी फोडले. स्वतःच्या हातानं, पहार घेऊन. त्यांना वाटतं ते लहान आहेत आणि वडील मारणार आहेत. मला ते ओळखत नाहीत आता. बांध ओळखत नाहीत. दोष बांधांचा नाही. बांध चांगले होते." त्यांना पुढं काही सुचेना. "एवढंच सांगायचं होतं," म्हणून त्या खाली बसल्या.

ट्रॅक्टरवाला उठला. "काकू, मला माहीत नव्हतं." त्याचा चेहरा उतरला होता. पुढच्या आठवड्यात तो स्वतः दगड घेऊन आला, आणखी काही जण आले, आणि काकांच्या शेतातल्या घळीत त्यांनी आडव्या दगडी ओळी रचायला घेतल्या. बहुतेकांनी आपले बांध ठेवले. ज्या दोघांनी काढले होते त्यांनी मात्र ते परत घातले नाहीत.

पण सांगितलेली गोष्ट सांगितलेलीच राहते. पोरांनी काकांना नवं नाव दिलं, फोडेकाका. काका अंगणात नुसती काठी घेऊन उभे राहिले तरी रस्त्यावरून कोणीतरी ओरडे, "काकू, बघा, सुटले." त्यात वाईट हेतू नसायचा, काळजीच असायची. जे लोक पूर्वी सल्ला विचारायला यायचे ते आता दारातूनच मोठ्यानं, हळूहळू बोलत, मुलाशी बोलावं तसं. एक बाई येऊन म्हणाली, "बांधून का नाही ठेवत?" काकूंनी तिला चहा दिला.

थंडीत एका सकाळी काका उठले आणि म्हणाले, "अगं, चहा टाकतेस का?" काकूंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. कितीतरी महिन्यांत त्यांनी अशी हाक मारली नव्हती. चहा झाला. लेकीची चौकशी झाली. मग ते म्हणाले, "चल, रानात जाऊन येऊ." काकूंनी नको नको म्हणून पाहिलं. ते ऐकेनात.

घळीच्या काठाशी येऊन ते थांबले. मग हळूहळू, काकूंच्या खांद्याचा आधार घेत, माथ्यापर्यंत चढले. वरच्या बांधाच्या फुटक्या तोंडाशी वाकले, कडेवर बोटं फिरवली.

"पाऊस फार झाला हो या वर्षी," काकू म्हणाल्या.

"पाऊस नाही हा." त्यांचा आवाज अगदी पूर्वीचा होता. "पाण्यानं गेला असता तर कड गोल झाली असती. ही बघ, पहारेची खूण. कोणीतरी मुद्दाम फोडलाय." ते वर बघू लागले. "एवढं माझं कोण वैरी आहे गं गावात?"

सगळ्या गावासमोर उभं राहून जे सांगता आलं होतं ते काकूंना इथं सांगता आलं नाही. "कोणी नाही हो," त्या म्हणाल्या. "तुमचं कोणी वैरी नाही."

"मी कोणाचं काय वाईट केलं?" ते म्हणाले. मग फुटक्या तोंडाशी बसून एकेक दगड उचलून लावू लागले. काकू शेजारी बसून दगड देत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांचा हात थांबला. हातातल्या दगडाकडे ते बघत राहिले, आणि मग काकूंकडे, अनोळखी बाईकडे बघावं तसं. काकूंनी त्यांना उठवलं आणि घरी आणलं.

तसा दिवस पुन्हा आला नाही. उन्हाळा सुरू होता होता ते गेले. लेकीनं आईला शहरात नेण्यासाठी खूप गळ घातली. काकू म्हणाल्या, "येईन, पावसाळा होऊ दे एवढा."

पावसाळ्यानंतर खालचे आणि त्या शेत बघायला गेले. घळीतल्या दगडांमागे गाळ अडकला होता, कुठं कुठं त्यावर गवतही उगवलं होतं. बाकी घळ तशीच होती. ती भरायला एक आयुष्य लागणार हे दोघांनाही कळत होतं आणि तेवढं दोघांकडेही नव्हतं.

"वहिनी, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," खालचे म्हणाले. "नाहीतर आज या उतारावर एक बांध दिसला नसता."

"रानाचं बरं केलं, भावजी. त्यांचं नाही केलं."

काकू घळीत उतरल्या. एका ओळीतला दगड पाण्यानं सरकला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी ढकलत जागेवर आणला, आणि त्याला टेकून खाली बसून खूप वेळ रडल्या.